नऊची शिट्टी

दाजी पेठेतली आमची खोली दुपारी चारला
पत्र्यासकट उकळते.
ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं
अर्ध्या तासात पापडासारखी मोडतात.
आज सातशे विड्या झाल्या. तीनशे उद्यावर टाकल्या
आणि यांना म्हटलं, चला.

कुठे, ते हे विचारत नाहीत.
गुडघा धरून तीन पायऱ्या उतरतात.
बाटलीत माठातलं पाणी आधीच भरलेलं असतं.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
तिकडे रोज रात्री दोनला गवताला पाणी सोडायचे, हे सांगतात.
गवताला. रोज.

सतरा वर्षांत मी एकदाच गेले तिकडे.
आत्याच्या सुवर्णानं महिन्याचा व्हिसा काढून दिला.
यांच्या खोलीत सात गडी, तिथे बाई चालत नाही.
सुवर्णाच्या घरात तिची सासू, दीर, पोरं.
लग्नाला अकरा वर्षं झालेल्या दोघांनी
भेटायचं कुठे?

म्हणून बागा.
समुद्राकाठची, विमानतळामागची,
एक तर पुलाखाली, वर गाड्या धडधडतात
आणि खाली गुलाबी फुलं, बिनवासाची.
रात्री आठलाही बाक तव्यासारखा.
सुवर्णाला म्हणून नेलेल्या सहा टॉवेलांतला एक
मी चार पदरी दुमडून खाली घालायची.
मध्ये कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी.
यांनी तिथे मला पहिल्यांदा सांगितलं
की लहानपणी मागाच्या खड्ड्यात झोप छान लागायची.
घरात कधी सांगितलं नव्हतं. घरात
फक्त गॅस, भाडं, डॉक्टर.

एका फाटकाशी मात्र हे थांबले.
ही नको.
का?
हिला पाणी मी घालतो. शुक्रवारी एकट्या बाप्याला
आत सोडत नाहीत. फॅमिली लागते.
मग मी कोण?

पहारेकऱ्यानं यांना पाहिलं, मला पाहिलं,
माझ्या गळ्यात पाहिलं, बाजूला झाला.
आत हे असे चालले
जसं बिनबोलावता कुणाच्या पंगतीत शिरलोय.
गवतावर पाय नाही. मलाही हाताला धरून
फरशीवर ओढलं.
मग एकदम वाकले, गवतात बोट घातलं,
इथे गळतंय, म्हणाले,
आणि सुट्टीच्या दिवशी
अंगठ्यानं दाबून धरलं, बराच वेळ.

आता किल्ल्याची बाग.
तळं आटत आलंय, माशांचा वास येतो.
नळाला तोटी नाही, कुणी चिंधी बांधलीय.
हे चिंधी सोडून पुन्हा नीट बांधतात,
मग बाकावर येतात. मी टॉवेल घातलेला असतो.
तोच. कड उसवलीय.

समोर कुणाची तरी पोरं घसरगुंडीवर ओरडतात.
हे तिकडे बघत म्हणतात,
दर शुक्रवारी तुला फोन करायचो ना,
त्या बागेच्या कुंपणाबाहेर बसून करायचो.
आतला वारा बाहेर यायचा थोडा.

मी काही बोलत नाही.
दर शुक्रवारी फोनमध्ये पोरांचे आवाज यायचे.
हसायची, रडायची, कुणीतरी बाबा म्हणायचं,
निदान मला तसं ऐकू यायचं.
फोन ठेवून मी पानं कापायला बसायची.
कात्री कधी वाकडी गेली नाही.
विचारलं मात्र कधीच नाही,
तिथे, त्या बाकांवरसुद्धा नाही.

काय झालं? हे विचारतात.
काही नाही. शेंगा घेता का?

शिट्टी वाजते. नऊ.
हे उठतात, बाटलीतलं उरलेलं पाणी
बाकामागच्या पिवळ्या पट्ट्यावर ओततात.
परवापर्यंत पाणी नाही, मी ओरडते,
पण बाटली हातातून घेत नाही.
गवत कुठलं, मातीच आहे ती, लगेच पिऊन टाकते.

टॉवेल झटकून काखेत मारते.
उद्या तेराशे वळायच्या आहेत.