फेस

फेरी सुटून गेली होती. पुढची सातला.
ओस्लाउगने व्हॅनचं दार सरकवलं,
कुशीतल्या पितळी नळाखाली
माझा चहाचा मग धरला.
नुसता फेस.
दुसऱ्यांदाही फेसच.
‘घाट उतरून आलेय ना,
वळणं अजून पिंपात फिरतायत.
बसू दे.’

मग आम्हीच बसलो.
ट्रकवाला श्यूर, मी, तिचं ओलं कुत्रं.
विरजण शेजारणीचं, म्हणाली,
बोलणं बंद होतं, तरी खिडकीतून दिलेलं.
फ्योर्डवरचा उजेड
मावळायचं नाव घेईना.

साडेसहाला नळ सोडला:
तांबूस, जरा धुरकट,
जिभेच्या कडेला जुनिपरचा कडवटपणा.

श्यूरला गाडी हाकायची होती.
त्याने मग नुसता हुंगला,
थर्मासमधली कॉफी फ्योर्डात ओतली
आणि रिकामा थर्मास
नळाखाली धरला.