प्रश्न क्रमांक सात

नेरुळच्या दंत महाविद्यालयात, तिसऱ्या मजल्यावर,
दुखण्याची प्रश्नावली आम्ही चिनीत नेतोय.
न्हावा-शेव्याच्या क्रेनवरचे तंत्रज्ञ येतात
गालाला हात लावून,
इंग्रजी रकान्यांपुढे कसनुसं हसतात.

सहा प्रश्न सुटले.
थंड, गरम, चावताना, रात्री,
किती दिवस, झोप लागते का.
सातव्यावर अडलं:
दुखणं कसं आहे?

ठणकतं? टोचतं? सलतं?
फांग तिन्हींना नकार देतात.
"स्वान," म्हणतात. मला आधी श्वान ऐकू आलं.
दुभाषी वेई पेन चावत म्हणते,
"आंबट. पण दुखणं आंबट असतं का हो?"
मी म्हटलं, नसतं.
अकरा वर्षं लोकांच्या तोंडात बघून
ठामपणे म्हटलं.

ट्रे पुसता पुसता, मागे न वळता,
जासईची द्रौपदी घरत:
"दात आंबलं असतील त्याचं.
कैऱ्या खाल्ल्याव आंबतान ना, तसं."

वेईनं ते चिनीत सांगितलं.
गालात कापूस असतानाच फांग उठून बसले,
द्रौपदीला उद्देशून बराच वेळ बोलले.
त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

आता सातव्यात चौथी चौकट आहे,
चिनीत आणि मराठीत.
इंग्रजी प्रतीत
ती जागा अजून कोरी.