मानस

सेलविनाने चार नळ्या दिल्या, चार रंगांच्या झाकणांच्या.
निळी, डोळे उघडताच, दात घासायच्या आधी.
पिवळी, त्यानंतर अर्ध्या तासाने, चहा न घेता.
हिरवी दुपारी. पांढरी निजताना.
"फक्त थुंकायचं," ती म्हणाली, "त्यात रडायचं नाही,"
आणि आपल्याच विनोदाला लाजली.

फ्रीजमध्ये आगळाच्या बाटलीमागे नळ्या उभ्या केल्या.
सासूबाईंनी विचारलं, उष्टं कशाला सांभाळतेस?
उष्टं.
बांबोळीच्या त्या कागदांत हा शब्द नव्हता,
तिथे लिहिलं होतं कॉर्टिसोल,
आणि खाली माझी सही,
सातवा महिना लागल्यापासून जरा वाकडी येणारी.

प्रश्नही होते. सेलविना वाचायची,
सासूबाई शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी.
झोप लागते का?
"बरी निजता ती," त्या म्हणाल्या.
जेवण जातं का?
"दोन वाट्या पेज."
विनाकारण रडू येतं का?
यावर त्याही थांबल्या.
मी त्या एका शब्दाशी अडले.
कारण सापडलं असतं तर
मी ते धुऊन वाळत घातलं नसतं का?
नाही, म्हणाले. सेलविनाने नाहीवर खूण केली.

कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत: मानसिक आरोग्य.
दर वेळी मला आधी आमची मानस आठवते,
चोडणच्या खाजनातली, बाबा राखायचे ती.
लाकडी दारं. भरती आली की पाण्याच्या जोरानेच मिटतात,
ओहोटीला आपसूक उघडतात.
माणसाने फक्त जाऊन बघायचं
मध्ये काही अडकलं नाही ना.
एका रात्री नारळाचं एक सोडण अडकलं.
बाबांना ताप होता, कोणी गेलं नाही.
सकाळी शेतात पाणी अगदी शांत होतं,
आभाळ दिसत होतं त्यात.
कोरगूट पिवळं पडायला पुढे आठवडा लागला.

सासूबाई रायबंदरला मासे घ्यायला उतरल्या,
तेव्हा सेलविनाने फेरीच्या कठड्यावर
बोटाने एक रेघ काढून दाखवली.
सकाळी अशी चढते, मग दिवसभर उतरत जाते,
रात्री अगदी तळाला. म्हणजे माणूस झोपतो.
माझी कशी आहे?
"ते मला कळत नाही. माझ्याकडे तुम्ही
शून्य चार सात आहात."
मग नदीकडे बघत म्हणाली,
"काही जणींची उतरतच नाही."

उल्हास कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटतो.
रात्री मला इथून तिचे दिवे दिसत नाहीत,
आभाळाला आलेली जांभळी सूज तेवढी दिसते.
तो साडेपाचला येतो, लोकांच्या सिगारेटींच्या वासासकट,
पोटावर हात ठेवतो आणि विचारतो, हाललं?
हाललं, मी सांगते.
हे खरं असतं.
ते हालतं तेव्हा मी हालत नाही,
छताच्या वाशाखाली पडून असते
आणि मला आनंद व्हायला हवा
त्या जागी काहीच नसतं,
पाटी काढून नेलेल्या दुकानासारखं.
हे कोणत्या झाकणाच्या नळीत मावेल?

काल निजताना मी पांढरी नळी रिकामीच ठेवली.
दिवा मालवला. कुशी बदलल्या.
घड्याळ बघितलं, उठले,
अंधारातच थुंकले,
आणि चिकटपट्टीवर, जिथे त्यांनी
रा. ९.३० असं आधीच छापून ठेवलंय,
ते खोडून लिहिलं
२.४०.

आज दुपारी फोन आला.
"शून्य चार..." सेलविना म्हणाली आणि थांबली.
"मंदाकिनीताई, वेळ लिहिताना चूक झालीय का?"

नाही, मी म्हणाले.

तिने पुढचा प्रश्न विचारला नाही.
फोनही ठेवला नाही.
पलीकडे कुठला तरी पंखा फिरत होता,
आणि बराच वेळ आम्ही दोघी
तो ऐकत राहिलो.