खोडरबर

कोशित्से, फेब्रुवारी. स्टोव्हवर ओले हातमोजे.
साहेबाने विचारलं, "राज्यसंस्थेवरचं ते जाड पुस्तक
कुणी कुणी नेलं?"

ओतीलियाबाईंनी कार्डांचा खण पुढे सरकवला.
तारखा होत्या. नावांच्या जागी
घासून घासून मऊ पडलेला कागद.

"पुस्तक परत आलं की नाव खोडते मी.
जागा पुरत नाही, साहेब."

ताकास तूर लागेना.
त्याने कार्ड खिडकीशी तिरकं धरलं,
पेन्सिलीचा व्रण शोधत.
बाहेर ट्राम खडखडत गेली.

जाता जाता थबकला.
"मीही नेलं होतं एकदा.
शिकत होतो तेव्हा."

"असेल," बाई म्हणाल्या,
आणि टेबलावरचा रबराचा चुरा,
फुंकर न मारता,
मुठीत गोळा केला.