आधी पाच, मग वीस

आज ती स्क्रिप्ट वापरायची नाही.
एरवी मी एक ओळ टाइप करते,
मग तीच कर्नल बांधते, तीच चालवते,
माझ्या लॅपटॉपच्या पोटात एक लुटुपुटीचं मशीन उभं करते
आणि हिरव्या अक्षरांत सांगते: चौदापैकी चौदा.
मी म्हणते बरं, आणि झोपते.

पण पंपावर बसणारा बोर्ड
लॅपटॉपच्या पोटात राहत नाही.
तो इथे आहे, मकरपुऱ्यात, दुकानाच्या पोटमाळ्यावर,
बिस्किटांच्या डब्यावर उघडाच, तळहाताएवढा.
गेल्या श्रावणात विश्वामित्री गल्लीत आली,
हर्षिलाबेनच्या ओट्याखाली मगर येऊन बसली,
तळघर काठोकाठ भरलं
आणि आमचा पंप
काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने बंद.

म्हणून आज सगळं हाताने.
निळ्या पडद्यावरच्या यादीत खाली खाली उतरायचं,
चौकटीत वाय भरायचा: चाचण्यांचा सांगाडा.
आणखी आत उतरून अजून एक वाय: पाण्याच्या सेन्सरची चाचणी.
हा दुसरा विसरलात तर कुणी रागवत नाही.
चाचणी होतच नाही, इतकंच,
आणि न झालेली चाचणी कधी नापास होत नाही.

बत्तीस मिनिटं.
लॅपटॉपचा पंखा दमेकऱ्यासारखा.

सिरीयल केबलच्या तीन तारा, काळी, पांढरी, हिरवी.
पांढरी हिरवीच्या जागी लावली, पडदा कोरा.
मी बोर्डाला शिव्या घातल्या, आधी मराठीत,
मग गुजरातीत, त्या जास्त वेळ पुरतात.
तारा बदलल्या.
आणि तो बोलू लागला, थांबेचना:
मेमरी इतकी, घड्याळ इतकं, अमुक सापडलं, तमुक नाही,
आणि त्या सगळ्या बडबडीत मध्येच
एक ते चौदा, अशी घोषणा.

ओके एक. ओके दोन. ओके तीन.
नवव्याच्या आधी एक नॉट.
लाल नाही, ठळक नाही,
बाकीच्यांसारखाच राखाडी, आला तसा वर निघून गेला.
मी नोंदी परत मागवल्या,
पोथी वाचणाऱ्या माणसासारखं ओळीवर बोट ठेवलं:
अपेक्षित दोनशे छप्पन.
मिळाले एक.

बाबा चहा घेऊन शिडी चढले.
एकोणतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात
ओतीव लोखंडावर हातोडी मारून, कान लावून
तडा ओळखायचे. आता त्याच कानात यंत्र.
"कुठे अडलं?"
सांगितलं: आकडा दोन तुकड्यांत येतो, बाबा.
माझा लॅपटॉप धाकटा तुकडा आधी मानतो, हा बोर्ड थोरला.
आणि वाचताना कुणाची रीत कुठली,
हे मी लिहिलेल्या कोडने कधी विचारलंच नाही.

बाबांनी कानातलं यंत्र जरा दाबलं.
"म्हणजे पंचवीस."
काय पंचवीस?
"हर्षिलाबेनचा धैवत. इंग्लिश मीडियम.
गल्ल्यावर बसवला होता सुट्टीत,
मी पंचवीस म्हटलं की बावन लिहायचा.
त्याचं काय चुकलं? आपण आधी पाच म्हणतो,
लिहिताना आधी दोन.
दोन दिवस हिशोब लागेना.
मग त्याच्या शेजारी उभा राहून पाहिलं."

एक शब्द बदलला, बाविसाव्या ओळीत.
पुन्हा बत्तीस मिनिटं.
स्क्रिप्ट खोटं बोलत नव्हती,
तिला कुणी या डब्यापर्यंत आणलंच नव्हतं,
आणि ते कुणी म्हणजे मी.

बाबा निघाले नाहीत.
स्टूल ओढून पडद्यासमोर बसले,
इंग्रजीतली एकेक ओळ ओठांनी लावत,
आणि माझा कप, न बोलता,
बोर्डापासून हातभर लांब सरकवला.