अर्जात न मावलेले

मेहेरबान मामलेदारसाहेब, तिसवाडी, यांसी.
विषय : चोडण बेटावरील खाजणबांधास पडलेले खिंडार.

एवढं लिहून झालं आणि टाक थांबला.
समोर केरुबीना. पायांवर चिखल सुकून भेगाळलेला.
"तुझ्या लिपीत लिही, मास्तर.
पोर्तुगीज गेले, नवा कारकून सावंतवाडीचा,
माझी रोमी अक्षरं त्याला मुंग्यांसारखी दिसतात."

वाहून गेलेला भाग : सतरा हात.
दिवस : आषाढी अमावास्या, मध्यरात्रीचं उधाण.
कारण : मी लिहिलं, नैसर्गिक.
ती म्हणाली, खोड.
कोमुनिदाद म्हणे बांध आता कुळांचा,
कुळं म्हणत बांध अजून कोमुनिदादचा,
आणि खेकडे कुणाचंच न ऐकता
आतून बिळं पाडत राहिले.
मी खोडलं. पण खेकडे काही
अर्जाच्या भाषेत बसेनात.

हेही बसेना :
घंटा अवेळी वाजली. आम्हाला वाटलं, कुणी गेलं.
ही त्या वर्षीची कणसांच्या फेस्ताची प्रेझिदेंत,
खर्च अंगावर घ्यायला एकही पुरुष पुढे येईना
म्हणून मान गळ्यात पडलेली,
आगबोटीवरच्या नवऱ्याचं आठ महिने पत्र नाही,
तिने कपेलाच्या कोठीचं कुलूप दगडाने फोडलं
आणि मिरवणुकीच्या छत्राचे चार दांडे
खांद्यावर टाकून निघाली.

पाद्री लिब्राट दारात आडवे.
"ते सांक्रामेंतावर धरायचे दांडे, केरुबीना."
ती थांबली. कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला.
"मग चला, तुम्हीच धरा."

धरले. झगा कमरेला खोचून,
छातीएवढ्या पाण्यात, कंदील विझेपर्यंत.
झिलू कामतीने गोठ्यातला शेवटचा पेंढा आणला.
मी शाळेची दोन बाकं दिली.
तिसरं मागितलं तेव्हा
मुलं कुठे बसतील, म्हणालो.
(शाळेला आठ दिवस सुट्टी होती.
हे मी आजही कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही.)

पहाटे बांध उभा होता.
दुपारच्या भरतीने तो पुन्हा नेला,
छत्राच्या दांड्यांसकट.
कुणीतरी बोललंच, बाईमाणसाच्या नादी लागून.
ती मानशीच्या दगडावर बसली,
कपेलाच्या क्रुसाकडे पाहत, हळू, भांडल्यासारखी :
"आम्ही सगळे जागे होतो. तू?"
पलीकडून काही आलं नाही.
मग त्याच खाऱ्या पाण्याने तिने तोंड धुतलं
आणि विचारलं, रिकामी पोती कुणाकडे आहेत.

अकराव्या दिवशी बांध ठरला.
पण कणसं नुकती निसवत होती, मीठ आधीच पोचलं.
अख्खं खाजण तंबाखूच्या रंगाचं.

फेस्ताला म्हापशाची बहीण भरली कणसं धाडणार होती.
ही नको म्हणाली.
बॅण्ड नाही, दारूकाम नाही,
त्या पैशांचा तांदूळ तेवीस घरी गेला.
वेदीपुढे मात्र आमच्याच शेतातली पेंढी.
पाद्र्यांचा हात तीर्थात भिजून हवेतच राहिला.
"यात दाणा नाही."
"नाही. पण कणीस इथलंच आहे."
ते कितीतरी वेळ उभे राहिले.
मग शिंपडलं.

मी मागे, चपला हातात, दाराशी होतो.
भरलेलं कणीस वाजत नाही.
ही वाजत होती. या हातातून त्या हातात,
सुकी, हलकी, सबंध कपेलभर.
एक माझ्याही हातात आलं.
झिलूने त्याचं टोपीत खोचलं.

अर्जदार? मी विचारलं.
सगळ्यांची नावं घाल, म्हणाली.
तेवीस झाली. शेवटी तिचं,
तिने स्वतः, मुंग्यांच्या अक्षरात.
हुद्दा? त्या रकान्यापाशी ती अडली.
बाहेर फेरीचा भोंगा झाला. तिला ती गाठायची होती.
लिही, म्हणाली,
कपेलाचे चार दांडे देणे.