सगळ्यात शांत कुठलं

पांगाईच्या धक्क्यावर माझी तिकिटाची खिडकी.
आत भिंतीला नकाशा, उन्हानं निळा उडालेला,
त्यावरची बेटं म्हणजे जेवून उठल्यावर
ताटाभोवती राहिलेली शितं.
नुकुआलोफाची बोट लागली की लोक उतरतात,
नाकावर पांढरं मलम, पाठीवर घरभर सामान,
आणि सगळे एकच विचारतात:
यातलं सगळ्यात शांत कुठलं?

मी आधी त्यांचे पाय बघते.
टाच मऊ, तर जवळचं बेट.
तिथे मालुपोकडे पंखा आहे, चहात दूधही घालतो.
नवराबायको एकमेकांकडे न बघता बोलत असतील
तर दोन तास पुढचं,
जिथे खोली एक आणि मच्छरदाणीही एकच.
तिसऱ्या दिवसापर्यंत निदान भांडू लागतात.
एका तरुणाला तर मी परतच पाठवलं होतं.
फोन छातीशी धरून तो विचारत होता,
शांतता किती वाजल्यापासून असते?

परवा इंगुन आली. नर्स. थंड देशातली.
अकरा वर्षं अतिदक्षता विभागात, म्हणाली,
कानात अजून यंत्रं वाजतात, झोपेतही मी आकडे वाचते.
मला पुळण हवी, माडाची सावली हवी,
आणि काहीच वाजायला नको.

मी म्हटलं, असं बेट नसतं, बाई.
कोंबडा रात्री दोनलाच सुरू होतो.
ओहोटी लागली की डुकरं समुद्रात शिरतात,
शिंपले फोडतात, दाढेखालची कडकड घरात ऐकू येते.
बायका दिवसभर झाडाची साल बडवून कापड करतात,
टोक् टोक्, एकीचा हात दुखला की दुसरीचा.
रविवारी सगळं बंद, होडीसुद्धा,
पण रविवारीच चर्चमध्ये गाणं,
इतकं मोठं की पत्र्यावरच्या पाली खाली पडतात.

ती हसली. हे चालेल, म्हणाली.
मग तिनं एका शितावर बोट ठेवलं.
आणि हे?

ते मी कुणाला दाखवत नाही.
राख पडली, आणि राखेमागून लाट आली त्या वर्षी
आम्ही सगळे टेकडीवर पळालो.
उतरलो तेव्हा घरांच्या जागी वाळू,
एकसारखी, नुकती झाडल्यासारखी.
सरकारनं उचलून इथे आणलं.
नळ दिला, दार दिलं, दाराला क्रमांक दिला.
परत जायचं नाही म्हणाले, आणि आम्ही ऐकलं.
वडील एकदा चोरून जाऊन आले.
डुकरं रानटी झालीत, म्हणाले, मला ओळखेनात.
चर्चची घंटा म्हणजे गॅसचा रिकामा सिलिंडर,
नीरफणसाला टांगलेला. तो तसाच आहे.
वाजवायची लोखंडी कांब मात्र
पळताना वडिलांच्या हातातच राहिली होती.
हल्ली तिनं आम्ही दार अडकवतो.

सगळ्यात शांत तेच, मी इंगुनला म्हटलं.
तिनं बोट उचललं नाही.

तुम्ही कुठे जाता, विश्रांतीला?
मला कुणी हे विचारलं नव्हतं.
ऑकलंडला, मी म्हटलं, बहिणीकडे.
ती कामाला गेली की मी मॉलमध्ये
सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी बसते.
संध्याकाळपर्यंत. काही घेत नाही.

तिचं तिकीट मी लांबच्या बेटाचं फाडलं.
होडी सुटायला तास होता.
खिडकी लावून मी घरी गेले.
वडील झोपले होते. दार उघडंच टाकून
कांब आणली, कागदात गुंडाळून तिला दिली.
वाटेत ते बेट लागतं, होडीवाला फेआओ माझा मामेभाऊ,
थांबेल पाच मिनिटं.
एकदाच मारा, म्हटलं, जोरात नको.
तिनं ती हातावर तोलली,
पेशंटचा हात उचलून बघावा तशी,
आणि विचारलं, इथे ऐकू येईल का?

नाही येणार. मधे सोळा मैल पाणी आहे,
वारा उलटा.
तरी दुपारी मी टपरीतला पंखा बंद केला.